वजन कमी करण्याच्या (बेरिॲट्रिक) शस्त्रक्रियेनंतर वजनाचा काटा अडकला की आधी काय तपासायचं?

काटेकोर
स्लीव्ह (जठर कापून नळीएवढं करणं) असो वा बायपास (जठराची छोटी पिशवी, म्हणजे पाउच, करून ती थेट लहान आतड्याला जोडणं), वजन सरळ रेषेत उतरत नाही, टप्प्याटप्प्यानं उतरतं, हे शस्त्रक्रियेआधी सगळ्यांना सांगितलेलं असतं. तरीही काटा दोन-तीन आठवडे हलला नाही की घरोघरी एकच उपाय सुरू होतो: आधीच अर्ध्या वाटीवर आलेलं जेवण पाव वाटीवर आणायचं. हा उपाय बहुतेक वेळा उलटा पडतो असं माझं ठाम मत आहे. तिसऱ्या आठवड्यातलं थांबणं, सहाव्या-आठव्या महिन्यातलं थांबणं आणि दीड वर्षानंतरचं थांबणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कारणं वेगळी, त्यामुळे इलाजही वेगळे.

इथे आहारतज्ज्ञ, फिजिओ, नर्सिंगमधली मंडळी आहेत म्हणून धागा काढतोय. 'थांबलं' असं म्हणायचं कधी, आणि मग कोणत्या क्रमानं तपासत जायचं? कुणाचं किती किलो उतरलं याच्या तुलना नकोत, इथे वाचून कुणाला उपयोग होईल असं लिहा.

नलिनी_आहार
चांगला विषय. सलग चार आठवडे वजन आणि अंगाची मापं दोन्ही जागच्या जागी असतील तरच थांबलं म्हणावं. वजन तेच पण कंबर कमी होतेय, तर चरबी उतरतेच आहे.

तिसऱ्या आठवड्याचं आधी सांगते, कारण सर्वांत जास्त घबराट तेव्हाच असते. यकृत आणि स्नायू मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) साठवलेलं असतं आणि प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर अंदाजे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पहिल्या आठवडा-दहा दिवसांत, नुसत्या पातळ आहारावर, हा साठा संपतो आणि त्याच्याबरोबर दीड-दोन किलो निघून जातात. मग गुरगुट्या भात, मुगाचं वरण, मऊ भाजी सुरू होते. साठा थोडा भरतो, पाणी परत येतं. त्याच दिवसांत चरबी जळत असते, पण काट्याला पाणी आणि चरबी वेगळी करता येत नाही. म्हणून आकडा हलत नाही.

यावर वेगळं काही करायचं नसतं. प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम, पाणी दीड ते दोन लिटर घोटाघोटानं, गोळ्या वेळेवर. आठवड्या-दोन आठवड्यांत आकडा आपोआप सुटतो.

गोधडी
थोडक्यात, तिसऱ्या आठवड्यात काट्यालाच रजेवर पाठवावं :)
पण वजन करायचं तरी कसं? एकाच दिवशी तीन वेळा उभं राहिलं तर तीन आकडे येतात.

पाचपावली
@गोधडी, काटा सपाट फरशीवर ठेवा. सतरंजी, पायपुसणं, सांध्यावरची डुगडुगणारी फरशी नको. एकदा जागा ठरली की तो तिथून हलवू नका. आठवड्यातून एकच वार, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, तेच हलके कपडे. रोज करायचंच असेल तर सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची तुलना मागच्या सरासरीशी करा, कालच्या आकड्याशी नाही.

पाळी येणाऱ्या स्त्रियांनी मागच्या चक्राच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून एक-दोन किलो सहज वाढतात आणि नंतर जातात. बद्धकोष्ठ, आदल्या रात्रीचं लोणचं-पापड, नव्यानं सुरू केलेला व्यायाम यांनीही आकडा वर जातो.

मापांसाठी शिंप्याची टेप. बेंबीच्या रेषेत कंबर, नितंबांचा सर्वांत रुंद भाग, मांडीचा मध्य, दंडाचा मध्य. श्वास सोडून झाल्यावर, टेप त्वचेला टेकलेली पण रुतलेली नाही. पंधरा दिवसांतून एकदा पुरे, आणि एकाच बाजूची मांडी, एकाच बाजूचा दंड.

चिंचगुळ
सगळं पटलं, पण इंटरनेटवर पाच दिवसांचं 'पाउच रीसेट' खूप जण सुचवतात. दोन दिवस पातळ, मग मऊ, मग घट्ट, म्हणजे पुन्हा शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे थोडक्यात. त्यानं जठर आक्रसतं म्हणतात. काहींचं त्यात दोन किलो उतरतंही. करून बघायला काय हरकत आहे?

शल्यकक्ष
हरकत आहे. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग स्टेपल करून काढून टाकलेला असतो, उरते ती नळी. चार दिवस सूप प्यायल्यानं ती नळी अरुंद होत नाही. बायपासचं पाउचही होत नाही. उतरतं ते वर नलिनीताईंनी सांगितलेलं ग्लायकोजेन आणि पाणी. जेवायला लागलं की आठवड्यात परत.

शिवाय सूप, ताक, शहाळं यांवर राहिलेल्या माणसाच्या पोटात दिवसाला २० ग्रॅमसुद्धा प्रथिनं जात नाहीत. असं वरचेवर केलं तर स्नायू जातात. स्नायू गेले की बसल्या जागी जळणाऱ्या कॅलरी आणखी घटतात आणि पुढचा थांबा लवकर येतो.

चिंचगुळ
समजलं. पण त्या पाच दिवसांत बिस्किटं-फरसाण बंद होतं, तो फायदा तरी खरा ना?

नलिनी_आहार
तो अगदी खरा, आणि बहुधा तेवढाच खरा. मग बिस्किटं-फरसाणच बंद करा, त्यासाठी प्रथिनं कशाला बंद करायची?

समीकरण
सहाव्या महिन्यानंतरच्या थांब्याचं गणित मांडतो. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर किती कॅलरी वापरतं, याचा अंदाज मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रानं काढतात. स्त्रियांसाठी: १० × वजन (किलो) + ६.२५ × उंची (सेंमी) − ५ × वय − १६१. पुरुषांसाठी शेवटी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे.

४० वर्षांची, १५८ सेंमी उंचीची बाई घेऊ. ११८ किलोला उत्तर येतं साधारण १८०७. ९२ किलोला १५४७. म्हणजे २६ किलो उतरल्यावर नुसतं जिवंत राहण्याचा खर्च रोज २६० कॅलरींनी घटला. त्यात हलकं शरीर चालताना-जिने चढताना कमी ऊर्जा घेतं ते वेगळं, आणि वजन उतरताना शरीर सूत्रापेक्षाही थोडी जास्त काटकसर करतं ते आणखी वेगळं. दुसऱ्या बाजूला याच काळात भूक हळूहळू परत येते, घास मोठे होतात. खर्च खाली आणि जमा वर, दोन्ही रेषा जिथे भेटतात तिथे काटा थांबतो. यात कुणाचा गुन्हा नाही.

सूत्र अंदाज देतं, मोजमाप नव्हे. रोजच्या खाण्याचा नेमका आकडा त्यावरून ठरवू नका, तो आहारतज्ज्ञाकडून घ्या.

रानफूल
@समीकरण, मग इथे तरी खाणं कमी करायला हवं ना? वजाबाकी तेच सांगतेय. धागाकर्त्याशी मी पूर्ण सहमत नाही.

समीकरण
कॅलरी कमी करायला हव्यात, हो. ताटातली उसळ कमी करायची नाही. कोणत्या कॅलरी आधी जातात, यावर सगळं आहे.

नलिनी_आहार
तोच मुद्दा सविस्तर लिहिते, कारण आपल्या खाण्यात खरी अडचण इथे आहे.

छोट्या जठरात घट्ट, ओलसर, प्रथिनांचा पदार्थ बराच वेळ राहतो आणि पोट भरल्याची जाणीव टिकते. अंडं, पनीर, मासा, उसळ यांची अर्धी वाटी झाली की चमचा आपोआप खाली ठेवला जातो. याउलट जे तोंडात विरघळतं किंवा चुरा होऊन पातळ होतं ते न थांबता खाली सरकतं. खारी, टोस्ट, मारी, खाकरा, शेव, चिवडा, चुरमुरे, बाकरवडी, आइस्क्रीम, फळांचा रस. पदार्थांची ही जात शस्त्रक्रियेला चुकवून जाते. वाडगाभर चिवडा अर्ध्या तासात संपतो आणि पोट काहीच बोलत नाही.

दुसरा ठरलेला गुन्हेगार चहा. पाऊण कप दुधाचा, दोन चमचे साखरेचा चहा आणि दोन मारी म्हणजे अंदाजे १४० ते १५० कॅलरी. दिवसातून तीनदा झाला की सव्वाचारशेच्या घरात. प्रथिनं जेमतेम आठ-दहा ग्रॅम. शिवाय जेवणाला लागून घेतलेला चहा लोह शोषू देत नाही. समीकरण यांनी काढलेले २६० या चहातच सापडतात, उसळीला हात लावायची वेळच येत नाही.

तिसरं तेल. पाच मिलीचा छोटा चमचा ४५ कॅलरींचा. मऊ भाजी हवी म्हणून घरातले वरून कच्चं तेल, तूप सोडतात. प्रेमानंच करतात, पण मोजून घाला.

चौथं, जेवताना पाणी. घासाबरोबर पाणी प्यायलं की अन्न पातळ होऊन लवकर पुढे जातं आणि पोट लवकर रिकामं वाटतं. जेवण झाल्यावर अर्धा तास पाणी नाही. वरण-भात कालवून आमटीसारखा पातळ करणं हेही त्यातलंच.

माजघर
श्रावण तोंडावर आहे म्हणून विचारते. घरात ज्यांची बायपास झाली आहे त्या सासूबाई सोमवार आणि एकादशी सोडणार नाहीत. उपासाला काय द्यावं?

नलिनी_आहार
@माजघर, साबुदाणा टाळा. जवळजवळ सगळा स्टार्च, प्रथिनं नावालाच, वर तूप, बटाटा आणि शेंगदाण्याचं कूट. चिकट असल्यानं काहींना अडकतोही. त्याऐवजी घरी टांगलेल्या दह्याचा चक्का बिनसाखरेचा, पनीर जिरं-मिरपूड लावून तव्यावर परतून, राजगिऱ्याचं मऊ धिरडं, दूध. उपासाला चालणारं बिनचवीचं व्हे (दुधाच्या निवळीचं) प्रथिन दुधात ढवळून दिलं तर तो दिवसही कोरडा जात नाही. निर्जळी मात्र नको, त्यांना समजावून सांगा. छोट्या जठरात राहिलेलं पाणी दुसऱ्या दिवशी एकदम पिऊन भरून काढता येत नाही.

बायपास झाली आहे म्हणून आणखी एक. उपासाचे गोड पदार्थ, खजूर-गूळ-केळ्याची शिकरण वगैरे, रिकाम्या पोटी नकोत. साखर एकदम लहान आतड्यात उतरली की अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब होतात. काहींना एक ते तीन तासांनी साखर खाली जाऊन गरगरतं. मग ते सावरायला पुन्हा गोड खाल्लं जातं, आणि तेच चक्र वजनही अडवतं.

माजघर
फार उपयोगी. चक्का आणि पनीर त्यांना आवडतं, जमेल. धन्यवाद.

गोधडी
शाकाहारी माणसाचे ६० ग्रॅम होतात तरी कसे? प्रत्येक डाळीचं कौतुक ऐकतो, पण वाटीभर शिजलेल्या वरणात फार तर सहा-सात ग्रॅम असतात.

नलिनी_आहार
बरोबर, आणि वरचं पाणी प्यायलं तर तेवढेही नाहीत. एक दिवस मांडते:

सकाळी २०० मिली दूध आणि २५ ग्रॅम व्हे: २६ ग्रॅम.
न्याहारी, ४० ग्रॅम मुगाच्या डाळीची दोन छोटी धिरडी, आत ३० ग्रॅम पनीर किसून: १५.
दुपारी १०० ग्रॅम शिजलेली मटकीची उसळ आणि ८० ग्रॅम चक्का: १५.
संध्याकाळी ३० ग्रॅम फुटाणे, सावकाश चावून: ६.
रात्री ७० ग्रॅम पनीर, मऊ भाजीबरोबर: १२-१३.

बेरीज ७५ च्या आसपास. ताटात आधी प्रथिनं संपवायची, मग भाजी, जागा उरली तर पोळीचा चतकोर. हा क्रम पाळला नाही तर पोळीनंच पोट भरतं. सोयाचे तुकडे चालत असतील तर कोरडे २५ ग्रॅम म्हणजे १३ ग्रॅम प्रथिनं. नीट भिजवून, पिळून, बारीक करून. मांसाहारी मंडळींना सोपं आहे: शिजलेलं १०० ग्रॅम चिकन छातीचं ३० ग्रॅमच्या आसपास देतं, एक अंडं ६. मासा मऊ असल्यानं चिकनपेक्षा आधी सोसतो.

अडकित्ता
व्यायामावर कुणी बोललंच नाही. रोज तासभर चालूनही थांबलेली माणसं बघतो.

फिजिओ_सावली
कारण चालणं एवढंच करतात. चालणं हवंच, आठवड्याला किमान १५० मिनिटं, वजन टिकवायचं तर ३०० कडे न्यावं. पण नुसत्या चालण्यानं उतरत्या वजनात स्नायू वाचत नाहीत, त्यांना ओझं लागतं.

पोटावरचे टाके आणि आतलं बरं झालं, शल्यचिकित्सकांनी परवानगी दिली, साधारण सहा ते आठ आठवडे, की सुरुवात. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून मागे ओढणं, पायरीवर एका पायानं चढ-उतर. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या, आठवड्यात दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. शेवटचे दोन उठणं-बसणं खरोखर जड गेले पाहिजेत. सहज बारा झाले की हातात एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घ्या, मग डंबेल्स.

गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, व्यायाम सोडू नका. सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे काटा थोडा वर जाईल. स्नायू सावरताना पाणी धरतात, त्याला घाबरून बंद करणारे खूप. दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनानं घेऊ नका. बायपासच्या जोडावर व्रण होतो.

शल्यकक्ष
औषधांचं निघालंच आहे तर, थांबलेलं वजन तपासताना गोळ्यांची पिशवी उपडी करून बघावी. इन्सुलिन, ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या, पायोग्लिटाझोन, स्टेरॉइड, मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलीन, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट आणि काही बीटा ब्लॉकर वजन धरून ठेवतात किंवा वाढवतात. शस्त्रक्रियेनंतर मधुमेहाच्या औषधांची गरज बऱ्याचदा घटते, पण जुनाच डोस चालू राहतो. मग साखर खाली जाते आणि माणूस सारखा काहीतरी तोंडात टाकतो. स्वतःहून काहीही बंद करायचं नाही, पण यादी घेऊन डॉक्टरांसमोर बसायचं.

तपासण्यांत टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन. रक्त कमी असेल तर दम लागतो, व्यायाम होत नाही आणि त्याला आळस म्हटलं जातं. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं परत आलंय का, तेही विचारा.

चिंचगुळ
जठर ताणलं गेलंय हे कसं ओळखायचं? सगळे आधी तेच म्हणतात.

शल्यकक्ष
आधी म्हणतात, पण यादीत ते शेवटी येतं. थोडं सैल होणं अपेक्षितच आहे, वर्षानंतर कुणीच अर्ध्या वाटीवर राहत नाही. शंका घ्यायची ती अशी: दोन पोळ्या, भात, भाजी एका बैठकीत कुठलीही अडवणूक न होता जातंय, किंवा अचानक जळजळ वाढलीय, किंवा आधी नीट उतरणारं वजन उलटं चढायला लागलंय. मग गॅस्ट्रोस्कोपी (तोंडातून कॅमेरा घालून जठर बघणं) आणि बेरियमचे फोटो. त्यात नळी रुंदावलीय का, बायपासचा जोड सैल झालाय का, पाउच आणि उरलेल्या जठरात वाट पडलीय का ते दिसतं. सापडलं तर एंडोस्कोपीनं टाके घालणं किंवा स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर हे पर्याय असतात.

उलट बाजूही लक्षात ठेवा. वारंवार उलट्या होऊन वजन परत उतरायला लागलं तर 'सुटलं बुवा एकदाचं' म्हणून आनंद मानू नका. थायमिन म्हणजे बी-१ काही आठवड्यांत संपतं. मग डोळ्यांची हालचाल, चाल, स्मरण यांना कायमची इजा होऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना.

अडकित्ता
आणि वजन उतरवणारी ती नवी इंजेक्शनं? भारतात मौंजारो मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही जूनमध्ये. शस्त्रक्रिया झालेल्यांना चालतात का?

शल्यकक्ष
चालतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. २०२३ मध्ये आलेल्या बॅरी-ऑप्टिमाइज चाचणीत शस्त्रक्रियेनंतर अपेक्षेपेक्षा कमी वजन उतरलेल्यांना २४ आठवडे रोज ३ मिलिग्रॅमपर्यंत लिराग्लुटाइड, त्याच जातीचं इंजेक्शन, दिलं. त्यांचं वजन सरासरी ८.८ टक्के उतरलं, नुसत्या खोट्या इंजेक्शनवाल्यांचं ०.५ टक्के. पण तिसऱ्या आठवड्यातल्या किंवा चौथ्या महिन्यातल्या थांब्याला हे औषध नव्हे. भूक आणखी मारल्यावर प्रथिनं पोटात जाणार कशी? आधी चहा-फरसाण, प्रथिनं, ओझ्याचा व्यायाम, गोळ्यांची यादी.

रानफूल
माझी शंका उरली ती शेवटच्या टप्प्याची. दीड वर्षानंतर थांबलं तर तो थांबा म्हणायचा की मुक्काम?

समीकरण
बहुतेकांचं सर्वांत कमी वजन १२ ते २४ महिन्यांच्या दरम्यान येतं. तिथे थांबणं हेच अपेक्षित. आपलं वजन कुठे थांबेल याचा अंदाज असा काढा: वरच्याच १५८ सेंमी उंचीच्या बाईंचं बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक) २५ ला वजन येतं साधारण ६२ किलो. ११८ मधून ६२ गेले, जादा वजन ५६. त्यातलं ६० टक्के उतरलं तर ३३-३४ किलो, म्हणजे त्या ८४-८५ ला स्थिरावतील. स्वित्झर्लंडमधल्या एसएम-बॉस चाचणीत पाच वर्षांनी जादा बीएमआयपैकी स्लीव्हमध्ये ६१ आणि बायपासमध्ये ६८ टक्के उतरलेलं होतं. ८५ ला पोचलेल्या बाईंना 'अजून ६० व्हायचंय' म्हणून उपाशी ठेवणं हा अन्याय आहे. साखर, रक्तदाब, गुडघे, झोप सुधारली असेल तर शस्त्रक्रिया आपलं काम करून गेली.

त्याच ८५ वरून वर्षभरात ९३ झालं तर मात्र तो थांबा नाही, वजन परत येतंय. ते शल्यकक्ष यांच्या तपासण्यांकडे न्यायचं.

रानफूल
हे पटलं. मघाचा विरोध मागे :)

काटेकोर
मूळ प्रश्नाचा क्रम लागला असं वाटतं. चार आठवडे वजन-मापं, मग सात दिवस खाल्लेलं-प्यालेलं सगळं चहासकट लिहून काढणं, मग प्रथिनांची बेरीज, मग व्यायाम, मग गोळ्या आणि रक्त, आणि कॅमेरा शेवटी. सात दिवसांत एक रविवार आणि एक सणवाराचा दिवस आला पाहिजे, नाहीतर वही खोटं बोलते.

एक राहिलं. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी कॅल्शियम आणि लोह कसं बसवायचं? टीएसएच वर गेलं की वजन अडतंच.

शल्यकक्ष
थायरॉइडची गोळी सकाळी सहाला नुसत्या पाण्याबरोबर, चहा पाऊण-एक तासानं. कॅल्शियम आणि लोह दोन्ही तिच्यापासून किमान चार तास लांब, म्हणजे दहाच्या आधी नाहीच. कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त शोषलं जात नाही म्हणून विभागून: साडेदहा, साडेतीन, रात्री साडेनऊ. लोह कॅल्शियमपासून दोन तास दूर, दुपारी एकला लिंबू पिळलेल्या उसळीच्या जेवणानंतर बसतं, आणि त्यावर लगेच चहा नाही. हे वेळापत्रक फ्रीजच्या दारावर चिकटवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा.